कोयट्यात गेलेली बोटं

आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं. आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत होतं की ती कोयत्यानं गेली. आई तसंच सांगायची, निदान आम्हाला तसंच ऐकू यायचं. ऊसतोडीत गेली असतील असं आम्ही आपल्या मनानं ठरवून टाकलं. पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या आमच्या गावात तेव्हा ऊस नव्हताच. नाचणी, वरी आणि थोडा भात. पण हा विचार साठ वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

आबा लष्करात होते, एवढं ठाऊक होतं. दुसरी लढाई सुरू होण्याआधीच परत आले, पदक नाही, पेन्शन किरकोळ. गावच्या शाळेच्या भिंतीत दोन्ही महायुद्धांना गेलेल्यांच्या नावांची फरशी बसवली आहे, तिच्यावर त्यांचं नाव नाही. सातारा जिल्ह्यात ही लहान गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, जिथले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ज्याच्या नावालाच लोकांनी 'मिलिटरी' जोडलं, तिथं लढाई न बघितलेल्या शिपायाची चौकशी कोण करणार? आम्हीही केली नाही. आबा 1979 साली गेले. आई त्यांच्यामागून गेली.

2019 च्या उन्हाळ्यात घराची कौलं उतरवून पत्रा घालायचं ठरलं. माळ्यावरची ट्रंक खाली आली. तिच्यात आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले तीन फोटो निघाले. दोन मी पूर्वी पाहिले होते, तिसरा कधीच नाही.

पहिला फोटो नऊ जणांचा. चार खुर्चीवर, पाच मागे उभे. पुढं जमिनीवर पाटी, तिच्यावर खडूनं इंग्रजीत लिहिलेलं किर्की आणि 1932. सगळ्यांची वयं अठरा-वीसच्या आतबाहेर. पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, हात गुडघ्यांवर सरळ ठेवलेले. आबा मागच्या रांगेत डावीकडून दुसरे.

दुसरा स्टुडिओतला. मागं रंगवलेला पडदा, कमान आणि कारंजं. आबा एकटे खुर्चीत बसलेले, अंगात लोकर आत वळवलेला मेंढीच्या कातड्याचा जाड कोट. खालच्या पुठ्ठ्यावर उठावदार ठसा होता, त्याचा अर्धा भाग कसरीनं खाल्लेला. उरलेली इंग्रजी अक्षरं तीनच: टी, टी, ए. हा फोटो आमच्या ओटीवर कित्येक वर्षं टांगलेला होता आणि त्या तीन अक्षरांवरून सगळं घर म्हणायचं, आबा कलकत्त्याला होते. मीही माझ्या मुलांना तेच सांगितलं. कलकत्त्यात मेंढीच्या कातड्याचा कोट कोण घालतं, हे विचारायला मला सत्तरावं वर्ष लागावं, याचं वाईट वाटतं.

फोटो घेऊन मी कराडला आत्याकडे गेलो. आबांची धाकटी बहीण, तेव्हा नव्वदी ओलांडलेली, नजर शाबूत. तिनं स्टुडिओतला फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "ह्यो कोयट्याचा. तितं बर्फ पडायचं म्हनं. लई थंडी. आन् तितंच तर बोटं गेली दादाची."

"कोयत्यानं गेली ना, आत्या?"

"कोयत्यानं न्हवं रं. कोयट्यात. कोयटा गाव हाय."

कोयटा म्हणजे क्वेट्टा, आज पाकिस्तानात असलेलं. इंग्रजीत लिहिलं तर शेवटी टी, टी, ए. आई आयुष्यभर बरोबर सांगत होती. आम्ही एका अक्षरानं चुकीचं ऐकत होतो.

मग तिसरा फोटो मी नव्यानं पाहिला. त्यात गाव नाहीच. विटामातीचे ढीग, त्यांतून वर आलेली वाशांची टोकं, एक वाकलेला दिव्याचा खांब, आणि लांब क्षितिजावर करवतीसारखा उघडा डोंगर. ढिगावर आठ माणसं, नाकातोंडावर फडकी बांधलेली. चेहरे ओळखू येत नाहीत. एकजण डाव्या पायावर भार टाकून, उजवा गुडघा जरा सैल सोडून उभा आहे. आबा औताच्या मागं थांबले की तसेच उभे राहायचे. फोटोच्या पाठीवर मोडीत एक ओळ होती आणि मला मोडी येत नव्हती.

31 मे 1935. पहाटे तीनच्या सुमारास भूकंपात क्वेट्टा पडलं. मिनिटभरही नसेल, तेवढ्यात सगळं शहर. तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत माणसं गेल्याचे आकडे दिले जातात. माणसं झोपेत होती, घरं कच्च्या विटांची आणि माती-लाकडाच्या जड छपरांची. विमानदळाच्या बराकी जमीनदोस्त झाल्या, मात्र उत्तरेकडची छावणी बरीचशी वाचली. त्यामुळं ढिगाऱ्यावर सगळ्यांत आधी पोहोचले ते लष्कराचे जवान. काही दिवसांत रोगराईच्या भीतीनं शहराला तारांचं कुंपण घालून ते बंद केलं गेलं. गांधीजींना आणि राजेंद्रप्रसादांनाही तिथं जायची परवानगी मिळाली नाही. वाचलेल्यांना रेल्वेनं बाहेर काढलं. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा माझ्याकडे फक्त एक करवती डोंगर होता.

शिपायाचा माग काढायचा तर त्याचा नंबर लागतो. नावं एकसारखी असतात, गावांची स्पेलिंगं वाटेल तशी, नंबर मात्र एकच. आमच्याकडे डिस्चार्जचा कागद उरलेला नव्हता. नंबर सापडला स्वयंपाकघरात. आबांची पितळी थाळी आई पीठ मळायला वापरायची, अजूनही ती वापरात आहे. राखेनं घासून घासून तिची कड पातळ झाली आहे. बुडाशी बोट फिरवलं तर खडबड लागते, ती नक्षी आहे असंच आम्हाला वाटायचं. उन्हात तिरकी धरली तेव्हा ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले आकडे दिसले. थोडं पीठ चोळलं आणि ते पांढरे उमटले.

पाटीवरचं किर्की म्हणजे खडकी. तो नंबर लिहून मी तिथल्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्राला अर्ज केला. उत्तर आलं, भेटीची तारीख मिळाली, आणि डिसेंबरात मी कराडहून कोयना एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. गाडी नीरा, जेजुरी मागं टाकत चालली होती आणि मी पिशवीतली थाळी मांडीवर धरून बसलो होतो. ती न्यायची काही गरज नव्हती. पण आबांना परत खडकीला नेतोय असं वाटत होतं. पुण्याहून लोणावळा लोकल, एक स्टेशन सोडून खडकी.

बॉम्बे सॅपर्सचं हे घर 1869 पासूनचं. पुणेकर या भागातून रोज जातात, होळकर पुलावरून मुळा ओलांडतात, पण आत काय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सॅपर म्हणजे लष्करातला बांधणारा आणि फोडणारा. रस्ते करायचे, नदीवर पूल टाकायचा, पाणी आणायचं, सुरुंग लावायचे आणि शत्रूनं लावलेले काढायचे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी प्रेमिंद्र सिंग भगत याच पलटणीचे. 1941 च्या सुरुवातीला ॲबिसिनियात सलग चार दिवस, 55 मैलांच्या वाटेवरचे 15 सुरुंगपट्टे त्यांनी मोकळे केले. मला हे ऐकून आबांचा हात आठवला. काम त्याच जातीचं, फक्त आबांच्या वेळी लढाई लागलेली नव्हती.

लाँग रोल नावाचं भरतीचं रजिस्टर असतं. त्यात आबांची एकच ओळ होती. भरती 1932. क्वेट्टा. 1936 साली ढिगारा उपसताना तुळई निसटून डाव्या हाताला इजा, दोन बोटं. सेवेस अपात्र. बाकी कागद काळाच्या ओघात गेलेले. ती ओळ वाचायला मला बराच वेळ लागला, कारण अक्षरं सारखी पुसट होत होती, आणि दोष शाईचा नव्हता.

त्याच पानावर आबांच्या वरचे आणि खालचे नंबर होते. एकाच दिवशी भरती झालेल्यांना ओळीनं नंबर पडतात. मी आठ नावं आणि त्यांची गावं उतरवून घेतली. माण, खटाव, एक महाडकडचं, एक जुन्नरचं.

तिथं एका निवृत्त इंजिनिअर अधिकाऱ्यांशी बोलणं झालं. क्वेट्ट्याचा विषय निघाला तसं ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तिथली वीटबांधणी पाहिली असणार." आणि त्यांनी कागदावर ती काढून दाखवली. विटा अशा रचायच्या की भिंतीच्या पोटात ठरावीक अंतरावर उभ्या पोकळ्या राहतील. त्यांत लोखंडी सळ्या उभ्या सोडायच्या आणि मसाल्यानं भरून टाकायच्या. भिंत हलली तरी सुटत नाही. 1931 साली तिकडे माच इथं भूकंप झाला होता, त्यानंतर रेल्वेनं भूकंपाला टिकतील अशी काही घरं बांधली. 1935 ला बाकीचं क्वेट्टा पडलं आणि ती घरं उभी राहिली. मग नवं शहर बांधताना लोखंडानं सांधलेलं बांधकाम हाच नियम झाला. या वीटबांधणीला जगभरचे इंजिनिअर आजही क्वेट्ट्याच्याच नावानं ओळखतात.

मी त्यांच्या हातातला कागद बघत राहिलो. ती आमच्या माजघराची भिंत होती.

1958 साली आबांनी घर वाढवलं तेव्हा मी आठ वर्षांचा. बाहेरच्या भिंती गावच्या रीतीनं दगडमातीच्याच घातल्या, पैसे तेवढेच होते. पण मधली भिंत विटांची, आणि तिच्यात आबांनी सळ्या घालायला लावल्या. गवंडी वैतागला होता. "आबा, विहीर बांधताय का भिंत? मधी भोकं कशाला?" आबा काही बोलले नाहीत. कराडहून आणलेल्या सळ्या त्यांनी स्वतः एकेक उभी धरली आणि मी खालून हात लावला. त्या सळ्यांचा थंडपणा मला अजून आठवतो. 2019 ला कौलं उतरली तेव्हा भिंतीच्या माथ्यावर गंजलेली टोकं ओळीनं वर आलेली दिसली होती. मी ती पाहिली आणि पुढं गेलो होतो.

11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या माणसाला ही वेळ सांगावी लागत नाही. धरण टिकलं, मुंबईची वीज गेली, कोयनानगर आणि आसपासची गावं आडवी झाली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या घराच्या बाहेरच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या, कौलं सगळी खाली. आम्ही पाचजण माजघराच्या भिंतीला लागून झोपलो होतो. ती भिंत उभी राहिली, म्हणून मी हे लिहितोय.

त्या पहाटे आबा जे वागले त्याचा अर्थ मला खडकीत लागला. तोवर मी ते नुसतं धाडस समजत होतो. आम्हाला अंगणात आणून बसवल्यावर त्यांनी पहिली ओरड केली ती अशी, "चिमणी पेटवू नका, चूल विझवा." मग ते गल्लीत गेले. बायका रडत होत्या, माणसं हाका मारत धावत होती. आबांनी सगळ्यांना दटावून गप्प केलं. "गप बसा. आधी आयका." पडलेल्या घरावर कान टेकून ते पालथे पडले. संपूर्ण गाव अंधारात श्वास धरून उभं. मग त्यांनी हातानं जागा दाखवली आणि माणसांची ओळ लावली, दगड फेकायचा नाही, हातोहात मागं द्यायचा. पहार कुणाला लावू दिली नाही. वरची माती कुठल्या बाजूनं सरकेल, कुठला वासा आधाराला ठेवायचा, हे ते सांगत होते आणि तीन बोटांचा डावा हात दगडांच्या फटीत कोपरापर्यंत घालून चाचपत होते. उजाडेपर्यंत एक म्हातारी आणि चार वर्षांचा एक पोरगा जिवंत निघाला. तो पोरगा आज नातवंडांचा आजोबा आहे.

मोडीची ओळ पुण्यातच वाचून झाली. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी करत गेलो, तिथं मोडी जाणणारे भेटले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात, शिपायाचं अक्षर त्यात घाईचं. त्यांनी भिंगाखाली दोनदा वाचलं आणि बाळबोधीत लिहून दिलं. 'कोयटे. सोळा काढीले. तीन जीती.'

सोळा काढले, तीन जिवंत. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं फोटोमागं एवढंच लिहिलं आणि नंतर चव्वेचाळीस वर्षं त्याबद्दल तोंड उघडलं नाही. त्याच्या पलीकडं आईला, बहिणीला सांगितलं ते फक्त बर्फाचं आणि बोटांचं.

क्वेट्ट्याला जाणं आज मला शक्य नाही. म्हणून 2022 च्या जूनमध्ये लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा ब्रिटिश लायब्ररीत गेलो. सेंट पँक्रस स्टेशनच्या शेजारी लाल विटांची मोठी इमारत. आत न्यायला पारदर्शक पिशवी, लिहायला फक्त पेन्सिल. जुने फोटो पाहायला आधी वेळ ठरवावी लागते. हातमोजे घालून, मऊ उशीवर अल्बम ठेवून पानं उलटायची. मी निघण्याआधी आबांचा फोटो मोठा करून त्यातल्या डोंगराची रेघ ट्रेसिंग पेपरवर गिरवून ठेवली होती. माणसं बदलतात, खांब पडतात, डोंगराचा माथा तोच राहतो, एवढ्या भरवशावर.

दोन दिवस भूकंपाचे फोटो पाहिले. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला वाळलेली बाग, तंबूंच्या रांगा, बैलगाडीवर बांधलेलं एकच कपाट. क्वेट्टा चारी बाजूंनी डोंगरांत आहे, तकातू, चिलतन, जरगून, मुरदार. प्रत्येकाची कड वेगळी. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रूस रोडच्या ढिगाऱ्याचा एक फोटो आला. मागं पूर्वेकडचा मुरदार. मी ट्रेसिंगचा कागद फोटोवर न टेकवता वर, दिव्याकडे धरला. पहिला सुळका, मग खाच, मग लांब उतार, मग दोन बुटकी टोकं. रेघेला रेघ मिळाली. ब्रूस रोड म्हणजे शहराचा मुख्य बाजार, आजचा जिना रोड. आबा कुठं उभे होते ते मला कळलं.

परत आल्यावर मन स्वस्थ बसेना, ते त्या आठ नावांमुळं. आबांच्या लगतचा नंबर होता माण तालुक्यातल्या एका जवानाचा. 2023 च्या जानेवारीत दहिवडीला एसटीनं गेलो, तिथून पुढं जीपनं. गावात पारावर नाव सांगितलं, दोन म्हाताऱ्यांनी वाद घातला आणि तिसऱ्यानं घर दाखवलं. जवानाचा नातू रानातून आला. "या आजोबा, बसा," म्हणाला, पाणी दिलं, कशासाठी आलो ते ऐकलं आणि काही न बोलता आत गेला. बाहेर आला तो भिंतीवरची तसबीर घेऊन. तोच फोटो. तेच नऊजण, तीच पाटी.

आम्ही दोघांनी मिळून मागचे खिळे उचकटले. पुठ्ठा काढला. फोटोच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं, यावेळी बाळबोधीत, नावं लिहिली होती. पाणी शिरून अर्धी गेलेली. चार वाचता आली. तिसरं नाव आबांचं होतं, आणि त्याच्यापुढं कंसात आमच्या गावाचं.

नातवाचा आजोबा 1935 ला क्वेट्ट्यातच होता. फोटोतल्या आठ फडकीवाल्यांत तो आहे का, हे आम्हाला सांगता आलं नाही. त्याच्या घरात कोयट्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पण निघताना तो म्हणाला, "आजोबा म्हणायचे, माझा जोडीदार पाटणकडचा होता, त्याचे हात माझ्यामुळं गेले. आम्हाला वाटायचं, भांडणात वगैरे." आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यानं भाकरी वाढायला सांगितली.

लढाई न बघितलेले म्हणून आपण ज्यांना विसरलो, त्यांनी त्या काळात काय केलं याचा हिशेब कुठल्या पदकात नाही. तो घराघरांतल्या ट्रंकांमध्ये आहे. शाळेतल्या फरशीसाठी मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. गेल्या 15 ऑगस्टला आबांचं नाव तिच्याखाली वेगळ्या पट्टीवर कोरलं: सॅपर, क्वेट्टा भूकंप, 1935.

नऊपैकी पाचजण अजून बिननावाचे आहेत. 1932 साली खडकीला भरती झालेलं तुमच्या घरात कुणी असेल, आणि पाटी पुढं ठेवून बसलेल्या नऊ जवानांचा फोटो भिंतीवर असेल, तर तो उतरवून त्याची पाठ बघा. आणि मागं काहीच नसेल, पण चेहरे ओळखणारं कुणी म्हातारं माणूस घरात असेल, तर त्याला आज विचारा आणि पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाई पुढच्या बाजूला उतरते.